पाचवा रकाना फोनवर दिसलाच नाही

पाणवठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथली पाण्याची रड तुम्हाला सांगायला नको. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी, तेही घरातल्या नळाला, असं त्याचं उद्दिष्ट. आमच्या गावातही नळ आले. पण पाणी किती येतं, कधी येतं, कोणाच्या दारात येतच नाही, याची एका ठिकाणी नोंद कुणाकडेच नव्हती. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं की आपणच विचारायचं. मी साताऱ्यात हिशोबाचं काम करते, एक्सेलशी रोजची गाठ. त्यामुळे फॉर्म बनवायचं माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते आनंदाने घेतलं.

फुकटात मिळणारी ऑनलाइन फॉर्मची सोय वापरली. दहा प्रश्न. सहावा प्रश्न तक्त्याचा होता. डावीकडे चार ओळी: सकाळी, संध्याकाळी, उन्हाळ्यात, लाईट नसताना. वर पाच रकाने: भरपूर, पुरेसं, कमी, थेंब थेंब, येतच नाही. लॅपटॉपवर इतका नीटनेटका दिसत होता की मी दोनदा बघून समाधानाने बंद केला.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. आठवडाभरात १४० च्या आसपास उत्तरं. आमच्या गावाच्या मानाने खूपच! बेरीज केली तर बहुतेकांचं उत्तर ‘पुरेसं’ नाहीतर ‘कमी’. ‘येतच नाही’ला बोटावर मोजण्याइतकी मतं. ग्रामसभेत मी हे वाचून दाखवलं. वाचून होतंय तोच वरच्या वाडीतल्या एक काकी उठल्या. म्हणाल्या, “चैतापास्नं नळाला टिपूस न्हाई. तुज्या ह्या कागदात आमची वाडी कुठं हाय गं?”

मला तिथे उत्तर देता आलं नाही.

घरी आले आणि भावाच्या फोनवर स्वतःचाच फॉर्म उघडला. छोटा, तीन-चार वर्षं जुना फोन. सहाव्या प्रश्नाशी आल्यावर पडद्यावर तीनच रकाने. भरपूर, पुरेसं, कमी. ‘थेंब थेंब’मधला अर्धा ‘थें’ कडेला कापलेला. पाचवा रकाना नाहीच. बोटाने तक्ता डावीकडे सरकवला तर दिसतो, पण सरकवायचा असतो हे सांगणारी कसलीही खूण नाही. भाऊ म्हणाला, “अगं, मी तीनच बघितले. त्यातलं ‘कमी’ दाबलं.”

मग उत्तरं चाळली. सात जणांचे फॉर्म ग्रामपंचायतीतल्या कंप्युटरवर भरले होते, तिथल्या ऑपरेटर मुलाने बसवून भरून घेतलेले. त्या सातांपैकी पाच जणांनी उन्हाळ्याच्या ओळीत ‘येतच नाही’ निवडलं होतं. फोनवरच्या शंभरावर लोकांत मिळून तेवढेसुद्धा नव्हते.

आणि वरची वाडी? तिथली जेमतेम चार घरं त्या ग्रुपवर. बाकी घरांत बटणांचे फोन, नाहीतर घरातला एकुलता एक स्मार्टफोन मुलाबरोबर पुण्याला.

म्हणजे चाळण्या दोन लागल्या. आत कोण आलं ही पहिली. आत आलेल्याला काय दिसलं ही दुसरी. दोन्ही मीच लावल्या आणि दोन्ही मला दिसल्या नाहीत. तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आहे का? आणि आता पुन्हा विचारायचं तर कसं विचारू?

सांजवात

वाचते आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या फॉर्मचंही असंच झालं असणार. तळमजल्यावरच्या आजी-आजोबांचं एकही मत त्यात नव्हतं आणि आम्ही समजलो की त्यांना काही म्हणायचं नाही.

खिडकीपाशी

ताई, तुमची तळमळ पोचली. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून वेगळी बाजू मांडतो. तुमच्या बाबतीत गडबड उपकरणाची नाही, फॉर्मच्या मांडणीची आहे. तक्ता काढून टाका, प्रत्येक ओळीचा वेगळा प्रश्न करा, उत्तरं एकाखाली एक ठेवा. प्रश्न मिटला.

दुसरं, स्मार्टफोन नसलेले लोक आता थोडे उरलेत. केंद्राच्या सांख्यिकी खात्याच्या २०२५ च्या दूरसंचार पाहणीत देशातल्या ८५ टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक स्मार्टफोन आढळला. दहा वर्षांपूर्वी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य केलं असतं. आज ऑनलाइन विचारणं हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांपर्यंत पोचणारा मार्ग आहे, असं मला मनापासून वाटतं.

शेवंती

खिडकीपाशी, तुम्ही ‘घरांत’ लिहिलंत. माझा पाय अडकतो तो तिथेच.

मी दिंडोरी भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हाला पालकांची माहिती गोळा करायला सांगितलं गेलं. पहिला प्रश्न: “आपल्याकडे स्मार्टफोन आहे का?” आणि हा प्रश्न पाठवायचा होता व्हॉट्सॲपवर लिंक करून! माझ्या वर्गात ३१ मुलं. १७ उत्तरं आली. सतराच्या सतरा ‘होय’. त्या कागदावर माझा वर्ग शंभर टक्के स्मार्टफोनवाला ठरला. उरलेल्या १४ मुलांच्या घरी मी चालत गेले, तेव्हा खरं काय ते कळलं.

त्याच वर्षी ‘असर’ची, म्हणजे ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची देशभर होणारी पाहणी झाली. त्यांनी लिंक पाठवली नाही. २०१८ साली घरोघरी जाऊन घेतलेल्या फोन नंबरांवर साधा फोन केला. त्यामुळे बटणांचा फोन असलेलं घरही त्यात आलं. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ होता. पुढच्या वर्षी तो ६७.६ झाला. पण २०२१ च्या त्या पाहणीतली मला कायम लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे: घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी चौथा हिस्सा, २६ टक्के मुलं अशी होती की त्यांच्या हातात तो फोन कधी येतच नव्हता.

घरात फोन असणं वेगळं, हातात असणं वेगळं. फोन बापाच्या खिशात सकाळी द्राक्षबागेत जातो आणि रात्री चार्जिंगला लागतो. लिंक दुपारी येते.

खिडकीपाशी

सतराच्या सतरा ‘होय’ हे वाचून थांबलो. ‘घर’ आणि ‘माणूस’ यांत मी गल्लत केली, मान्य.

उत्तरध्रुव

मी नेदरलँड्समध्ये असतो. शिक्षण सर्वेक्षणाच्या पद्धतींचं, पोटापाण्याचं कामही तेच. पाणवठाताई, तुम्ही दोन चाळण्या म्हणालात. या विषयातले लोक नेमक्या याच दोन गोष्टींवर वीस वर्षं डोकं लावून बसलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पहिली चाळणी. इथे टिलबर्ग शहरात ‘लिस’ नावाचं एक पॅनेल, म्हणजे पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायचा ठरलेल्या लोकांचा गट, २००७ पासून चालतं. सुमारे ५,००० घरं. यात कोणालाही आपणहून नाव नोंदवता येत नाही. सरकारी लोकसंख्या नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडतात आणि मग त्यांना गळ घालतात. प्रश्नावली दर महिन्याला, ऑनलाइन, आणि वेळेचा मोबदला मिळतो. निवडलेल्या घरात कंप्युटर किंवा इंटरनेट नसेल तर? त्या घराला वगळत नाहीत. पॅनेल त्यांना इंटरनेटची जोडणी आणि कंप्युटर देतं. सुरुवातीला ‘सिमपीसी’ नावाचा सोपा कंप्युटर देत. म्हाताऱ्या माणसांना जमावा म्हणून नेहमीच्या कामांसाठी मोठाली बटणं होती त्याला. जर्मनीत मानहाइम विद्यापीठाने २०१२ साली पॅनेल सुरू केलं तेव्हा त्यांनीही ऑफलाइन घरांना यंत्र आणि जोडणी दिली. फ्रान्समधल्या ‘एलिप्स’ने तर सुरुवातीला निवडलेल्या प्रत्येकाच्या हातात एकसारखा टॅबलेट ठेवला. सगळ्यांचं यंत्र एकच, त्यामुळे कोणाला काय दिसलं हा वादच नाही.

खर्चिक प्रकरण आहे, कबूल. पण यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे साधन नाही त्याचं मत कसं मिळवायचं ही विचारणाऱ्याची जबाबदारी. उत्तर देणाऱ्याची नव्हे.

आता दुसरी चाळणी. फोनवर भरणारे अर्ध्यात सोडून जाण्याचं प्रमाण कंप्युटरपेक्षा जास्त असतं. वेळही जास्त लागतो. ‘सविस्तर लिहा’ म्हटलं की फोनवरची उत्तरं आखूड येतात. हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि यंत्राची निवड लोक दर वेळी विचार करून करतात असंही नाही. निमंत्रण जिथे येतं तिथेच ते उघडलं जातं. ईमेल ऑफिसात उघडली तर कंप्युटर, एसएमएस आला तर फोन. तुम्ही व्हॉट्सॲपवर लिंक टाकलीत त्या क्षणी गावाच्या वतीने फोनची निवड तुम्हीच करून टाकलीत.

एक गोष्ट मात्र खिडकीपाशी यांच्या बाजूची आहे. इथल्याच उट्रेख्त विद्यापीठाच्या पीटर लुख्तिख आणि वेरा टूपूल यांनी याच लिस पॅनेलमधली माणसं महिनोन्‌महिने पाहिली. एका महिन्यात कंप्युटर, पुढच्या महिन्यात टॅबलेट किंवा फोन, असं यंत्र बदलणारी माणसं. वरवर पाहता फोन-टॅबलेटवरच्या उत्तरांत चुका जास्त. पण तोच माणूस यंत्र बदलतो तेव्हा त्याच्या उत्तरांचा दर्जा फारसा बदलत नव्हता. म्हणजे फरक यंत्राने केलेला कमी, आणि ते यंत्र निवडणाऱ्या माणसांमधला जास्त.

पाणवठा

उत्तरध्रुवदादा, इतकं मनापासून लिहिलंत, आभार. पण शेवटच्या परिच्छेदावर अडले. माझ्या भावाने कंप्युटरवर ‘येतच नाही’ निवडलं असतं, हे तोच सांगतोय. माणूस तोच, यंत्र बदललं, उत्तर बदललं. मग?

उत्तरध्रुव

बरोबर पकडलंत. लिसच्या प्रश्नावल्या मुरलेल्या माणसांनी तयार केलेल्या असतात आणि भरणारेही सरावलेले. तुमच्याकडे पर्यायच लपले होते. पर्याय लपले की काय होतं याचा स्वतंत्र अभ्यास आहे, आणि तो स्मार्टफोन येण्याच्याही आधीचा. मिशिगन विद्यापीठाचे मिक कूपर आणि त्यांचे सहकारी यांनी कंप्युटरवरच केलेला हा प्रयोग २००४ साली छापून आला. काहींना सगळे पर्याय एकदम दिसत होते. काहींना चौकटीत पहिले पाच दिसत, बाकीच्यांसाठी खाली सरकवावं लागे. सुरुवातीला जे डोळ्यांसमोर होते तेच जास्त निवडले गेले. डोळ्यांना दिसलं नाही की ते उत्तर लोकांच्या मनातही येत नाही. तुमच्या भावाने नेमकं हेच केलं.

दीपमाळ

मी दृष्टिहीन आहे. फोन टॉकबॅकवर वापरतो, म्हणजे पडद्यावर जिथे बोट जाईल तिथलं फोन वाचून दाखवतो. कंप्युटर मी ऑफिसात वापरतो, पण घरी सगळं फोनवरच.

तक्त्याचा प्रश्न आमच्यासाठी काय असतो ते सांगतो. बोट एका गोलावर जातं. फोन म्हणतो, “रेडिओ बटण, निवडलेलं नाही.” पुढच्या गोलावर, “रेडिओ बटण, निवडलेलं नाही.” कोणती ओळ, कोणता रकाना, काही नाही. चांगल्या बनवलेल्या फॉर्ममध्ये ओळ आणि रकाना दोन्ही वाचले जातात, पण असे फॉर्म मला क्वचित भेटलेत. चार ओळी गुणिले पाच रकाने म्हणजे वीस वेळा तेच वाक्य. रेटून बोट ओढायचे स्लायडर तर त्याहून वाईट, ते सातवर थांबलं की आठवर हे कळता कळत नाही. मी अशा ठिकाणी फॉर्म सोडून देतो. माझं नाव ‘अर्ध्यात सोडून गेलेले’ या बेरजेत जातं, आणि वाचणारा समजतो की याला रस नव्हता.

मला रस होता. तो फॉर्म आमच्या भागातल्या पदपथांबद्दल होता.

ताई, पुन्हा बनवाल तेव्हा एका वेळी एक प्रश्न आणि एकाखाली एक उत्तरं एवढं कराच. मला तपासायला पाठवा, मी टॉकबॅकवर भरून बघतो.

पाणवठा

दीपमाळ, नक्की पाठवते. पदपथांचा प्रश्न आणि तुम्हीच बाहेर, हे वाचून फार वाईट वाटलं.

जुनीवही

निवृत्त शिक्षक, संख्याशास्त्र. धागा वाचून राहवलं नाही.

हे सगळं स्मार्टफोनने आणलं असं तरुण मंडळींना वाटेल. मी वर्गात दरवर्षी पहिल्या आठवड्यात १९३६ सालची गोष्ट सांगायचो. अमेरिकेत रूझवेल्ट विरुद्ध लँडन अशी निवडणूक. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते आणले टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीचे दिवस होते. टेलिफोन आणि मोटार कोणाकडे असणार? तेवीस-चोवीस लाख उत्तरं परत आली. साप्ताहिकाने जाहीर केलं, लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना सुमारे ६१ टक्के मतं पडली आणि ४८ पैकी ४६ राज्यं त्यांच्याकडे गेली. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

मुलं हसायची आणि म्हणायची, सर, ते जुन्या काळी. पुढे माझ्याकडे ताजं उदाहरण आलं. कोविडची लस अमेरिकेत किती लोकांनी घेतली याचा अंदाज तीन पाहण्या देत होत्या. फेसबुकवरून चालणारी एक, आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं. मे २०२१ मध्ये तिचा टक्क्यांतला अंदाज खऱ्या टक्केवारीपेक्षा १७ अंकांनी जास्त निघाला. अमेरिकेच्या जनगणना खात्याची दुसरी पाहणी १४ अंकांनी चुकली. तिसरी ॲक्सिऑस ही बातमी संस्था आणि इप्सॉस ही पाहणी कंपनी यांची, एका फेरीत जेमतेम हजार माणसं. ती खऱ्याच्या सगळ्यात जवळ होती. तिच्या पॅनेलमध्ये इंटरनेट नसलेल्या माणसाला टॅबलेट आणि जोडणी देत. डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये यावर जो लेख आला त्यात गणित मांडलंय: एप्रिलमधल्या त्या अडीच लाख उत्तरांचं मोल दहा माणसांच्या खऱ्याखुऱ्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याइतकंच होतं. दहा!

पाणवठा, तुमच्या १४० फोनवाल्यांपेक्षा वरच्या वाडीतली चिठ्ठ्या टाकून निवडलेली १५ घरं तुम्हाला जास्त खरं सांगतील. उत्तरांची संख्या वाढवायच्या मागे लागू नका, हे मी तळमळीने सांगतोय.

पोफळी

गोंयची. आमच्याकडे चित्र जरा वेगळं, म्हणून नोंदवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका गोव्यात ७३.७ टक्के, महाराष्ट्रात ३८. देशभर बायका ३३.३ आणि पुरुष ५७.१. आता आकडे नक्कीच वाढले असतील. पण एकच फॉर्म पणजीत फिरवला आणि माणमध्ये फिरवला तर दोन्हीकडे तो ‘लोकांचं मत’ म्हणूनच छापला जातो, याची मला काळजी वाटते.

ओसरी

मी अंगणवाडी सेविका. माझ्या हातातल्या फोनवर माझी नाही, गावाची माहिती भरते. त्यामुळे यंत्राचं दुखणं मी रोज बघते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मिळालेले फोन परत केले होते, आठवत असेल. फोनमध्ये जागा कमी, ॲप इंग्रजीतून. रडक्या म्हणून आम्हाला नावं ठेवली गेली. पण बाळाचं वजन भरायला घेतलं आणि फोन अडकला तर ते वजन कुठेच जात नाही. मी वहीत लिहून ठेवायचे आणि रात्री रेंज मिळाली की भरायचे.

मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. वर सगळे ‘फोन आहे-नाही’ बोलतायत. फोन कोणाचा, हेही बघा. आमच्या वस्तीत बाई फॉर्म भरते तो नवऱ्याच्या फोनवर, नवरा शेजारी बसलेला असतो. “घरात निर्णय कोण घेतं?” याचं उत्तर ती काय देणार? मी दारात उभी राहून विचारते तेव्हासुद्धा सासूबाई ओट्यावर असतील तर उत्तर एक, आणि विहिरीवर भेटली तर उत्तर दुसरं. दोन्ही वेळा बाई तीच.

पोफळीताईंनी ज्या पाहणीचे आकडे दिले, तिच्यात घरातल्या मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात आणि ती एकटी असेल तरच. कोणी आलं की थांबायचं. हे मला एका प्रशिक्षणात कळलं आणि पटलं. लिंकला हे कसं कळणार की शेजारी कोण बसलंय?

शेवंती

ओसरीताई, विहिरीवरचं वाक्य काळजाला लागलं. त्याच पाहणीत स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के होत्या. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांना लिंक गेलीच तर दुसऱ्याच्या फोनवर.

खिडकीपाशी

माझं पहिलं मत आता तसं उरलेलं नाही, हे मोकळेपणाने लिहितो. एक विचारायचं होतं. २०२७ च्या जनगणनेत प्रगणक मोबाइल ॲपवर माहिती घेणार आणि ज्याला हवं त्याला स्वतः ऑनलाइन भरायचीही सोय. घरांची यादी २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. मग तिथेही ही चाळणी लागणार का?

जुनीवही

तिथे फरक आहे. स्वतः भरलं नाही तरी प्रगणक दारात येतोच. ऑनलाइन ही जादा सोय आहे, एकमेव दार नाही. जनगणनेत प्रत्येक घर मोजायचं असतं, त्यामुळे पहिली चाळणी बरीचशी बंद होते. दुसरी राहते. पोर्टल फोनवर कसं दिसतं, मराठी किती सोपं आहे, मोठ्या कुटुंबात कोणाचं नाव कोण भरतं, हे बघावंच लागेल. आपल्या घरातल्या ज्येष्ठांचं कोणीतरी शेजारी बसून भरा, घाईने त्यांच्या वतीने नको.

उत्तरध्रुव

जुनीवही सरांना अनुमोदन. ताई, पुढच्या फेरीसाठी एवढंच सुचवतो. फॉर्म बनवा फोनवर, तोही गावातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, आणि मग लॅपटॉपवर कसा दिसतो ते बघा. आपण सगळे उलटं करतो. आणि प्रत्येक उत्तराशेजारी ते कशावर मिळालं हे लिहून ठेवा: फोन, कंप्युटर, की दारात विचारून. या तीन ढिगांची आधी वेगवेगळी बेरीज करा. एकत्र करायची घाई नको.

सांजवात

आणि कोणाच्या फोनवर, हेही. स्वतःच्या की घरच्यांच्या.

पाणवठा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मध्ये गावीच होते.

नवा फॉर्म भावाच्या फोनवर बसून केला. एका पडद्यावर एक प्रश्न. तक्ता काढला, त्याचे चार प्रश्न केले. ‘येतच नाही’ सगळ्यात वर घेतलं. यावर आमच्यातच वाद झाला, कारण वर ठेवलं की तेच जास्त दाबलं जाईल असं एकीचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. शेवटी निम्म्या लोकांना वरून खाली आणि निम्म्यांना खालून वर अशा दोन लिंक केल्या. दीपमाळ यांनी दोन्ही टॉकबॅकवर भरून पाहिल्या आणि एका प्रश्नात उत्तराआधी प्रश्नच वाचला जात नव्हता ते दाखवून दिलं. दुरुस्त केलं.

वरच्या वाडीत लिंक पाठवलीच नाही. घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या, एका डब्यात टाकल्या आणि शाळेतल्या एका मुलीने १५ काढल्या. त्या घरी आम्ही दोघी वही घेऊन गेलो. ओसरीताई, तुमचं लक्षात ठेवून सकाळी सातला गेलो, बायका हंडे भरायला बाहेर असतात तेव्हा. ज्या बायका पाण्याच्या रांगेत भेटल्या त्यांना प्रश्न तिथेच विचारले. एका घरी फोन होता आणि सून म्हणाली, “द्या की, मी भरते.” तिला दिला. पहिल्या प्रश्नाला तिने फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ, मग माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, “तुम्ही वाचा, मी सांगते.” अक्षरं किती लहान आहेत हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. ती जेमतेम चाळिशीची असेल.

पंधरापैकी अकरा घरांनी उन्हाळ्यात नळाला पाणी येतच नाही असं सांगितलं. ग्रामसभेत उठलेल्या काकींचं घर चिठ्ठ्यांत निघालं नव्हतं. त्यांना राग आला. मी चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्यासमोर उघडून पद्धत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग माजं लिव नको, पण अकराचं लिवलंय का बग.”

लिहिलं. टँकरच्या अर्जाला तीन वेगळे तक्ते जोडलेत: फोनवरचा, ग्रामपंचायतीच्या कंप्युटरवरचा, दारात विचारलेला. प्रत्येकाच्या वर ते कसं विचारलं ते दोन ओळींत. जुना, चुकलेला तक्ताही जोडला आणि तो का धरू नये हे लिहिलं. ग्रामसेवकांनी पोच दिली आहे. पुढे काय होतं ते याच धाग्यावर लिहीन.

दीपमाळ

वाट बघतो. आणि नव्या फॉर्ममधली अक्षरं मोठी कराच, त्या सूनबाईंसाठी.

पाणवठा

केली, कालच. भावाच्या फोनवर आता एका पडद्यावर प्रश्न आणि पाचही उत्तरं मावतात, मोजून पाहिलं.